साहेबांचं ओझं उतरवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचे प्लँट मॅनेजर, वय ४१, हाताखाली ११० माणसं. वर्षभरापूर्वी ऑर्डरी आटल्या म्हणून कंत्राटातली १४ माणसं कमी करावी लागली. तेव्हापासून रात्री झोप मोडते, शॉपवर आवाज चढतो, घरी गेल्यावर बोलावंसं वाटत नाही. मध्यंतरी एक जुना सुपरवायझर घरचं कारण सांगून, राजीनामा देऊन गेला. ‘टेन्शन आहे. सगळे दबून असतात, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पीस, वाढलंय. एचआरचं म्हणणं, योगाचं शिबिर घेऊ. मला वाटतं, आधी माझ्याच डोक्यावरचं काहीतरी उतरायला पाहिजे. ते कसं उतरवायचं?’

शिबिर सध्या राहू द्या. योगाशी माझं भांडण नाही. पण ज्याच्या आवाजानं लोक दचकतात, त्यानंच चटई अंथरून ‘शांत व्हा’ म्हटलं तर लोक डोळे मिटतील आणि मनातल्या मनात हसतील. मी १९ वर्षं या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी होते. (पाचशे किंवा जास्त कामगार असले की तेव्हाच्या कारखाना कायद्यानं हे पद ठेवावंच लागायचं. ठेवायचे, आणि मग त्या माणसाला कँटीनच्या तक्रारींना जुंपायचे. ते असो.) नंतर समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि गेली ११ वर्षं सांगली-मिरजेत हेच काम करते. माझ्याकडं येणारे बहुतेक साहेब ‘माझ्या लोकांचं काहीतरी करा’ म्हणत येतात. तुम्ही ‘माझं’ म्हणालात. त्यामुळं पुढचं जरा स्पष्टच बोलते.

रात्री तीनला जाग आली की डोळ्यांसमोर काय येतं ते बघा. डिस्पॅचची तारीख, ऑडिट, बँकेचा हप्ता आला तर ते कामाचं टेन्शन. त्यावर नियोजन, जादा माणसं, नाहीतर गिऱ्हाइकाशी एकदा सरळ बोलणं हा इलाज. पण कुणाचा तरी चेहरा आला, तर ते ओझं. तुमच्या लिहिण्यात तारखा नाहीत, माणसंच आहेत.

आणि चेहऱ्याचं ओझं, माझ्या अनुभवात, बहुतेक वेळा उधारीचं असतं. कुणाची माफी मागायची राहिलेली, कुणाला कारण सांगायचं राहिलेलं, कुणाचं ऐकून घ्यायचं राहिलेलं. नुसता थकवा असता तर महाबळेश्वरला दोन दिवस राहून उतरला असता. उधारी ज्याची त्याला द्यावी लागते, आणि तोवर ती व्याजासकट वाढते.

पुण्या-मुंबईकडचे सल्ले इथं तसेच्या तसे चालत नाहीत, त्याचं कारणही सांगते. तिकडचा मॅनेजर तासभर गाडीत अडकतो, रस्त्याला शिव्या घालतो, पण त्या तासात डोकं गार होतं. तुमचं कुपवाड ते विश्रामबाग पंधरा-वीस मिनिटांत संपतं. शॉपवरचा राग निवायच्या आत घराची बेल वाजते. शिवाय तिकडं कामावरून कमी केलेला माणूस गर्दीत दिसेनासा होतो. इथं तो संकष्टीला गणपतीच्या देवळात तुमच्या पुढं रांगेत असतो, लग्नात पंगतीला समोर बसतो, त्याची मुलगी तुमच्या मुलीच्या वर्गात असते. तो ‘साहेब, बरं हाय न्हवं?’ म्हणतो आणि तुम्ही मोबाइल काढून खाली बघता. माझ्याकडं आलेल्या एका साहेबांनी भाजी घ्यायला सांगलीतून मिरजेला जायला सुरुवात केली होती. दीड वर्ष. घरी सांगितलं, तिकडं ताजी मिळते.

हे आत दाबून ठेवलं की कुणाला कळत नाही असं आपल्याला वाटतं. माझंच सांगते. एका कारखान्यात माझ्या केबिनमध्ये चहा आणणारे एक मामा होते. ऑफिसात त्यांना ‘हवामान खातं’ म्हणत, हे मला तीन वर्षांनी कळलं. चहा ठेवून बाहेर पडले की ते टाइम ऑफिसच्या खिडकीकडं हात करत. तळवा वर म्हणजे ऊन, पालथा म्हणजे पाऊस. पावसाच्या दिवशी रजेचे अर्ज माझ्यापुढं येत नसत. एखादा अपघात थोडक्यात टळला असेल, तर तेही त्या दिवशी कुणी सांगत नसे. मला फार लागलं ते. त्या काळात माझे वडील अर्धांगानं अंथरुणावर होते आणि ‘बाई खंबीर आहेत’ एवढं ऐकण्यासाठी मी सगळं आत कोंबत होते. कुणावर ओरडलेही नव्हते. दार जरा जोरात लागायचं, इतकंच.

मानसशास्त्रात याला भावनांची लागण म्हणतात. इलेन हॅटफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नीट मांडणी केली. समोरच्याचा चेहरा, आवाज, बसण्याची ढब यांची आपण नकळत नक्कल करतो आणि त्याची भावना आपल्यात उतरते. शॉपवर सगळ्यांचे डोळे साहेबांकडं असतात, म्हणून साहेबांची लागण लवकर पसरते. तुमच्या रिजेक्शनचा धागा मला इथं दिसतो. पहिला पीस मापाबाहेर गेला की निवांत ऑपरेटर मशीन थांबवून सांगतो. दबलेला ऑपरेटर ‘पुढचा बरा येईल’ म्हणत शिफ्ट संपेपर्यंत रेटतो.

दाबणं चालत नाही, हे प्रयोगातही दिसलंय. अमेरिकेतल्या जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेची अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचा चेहरा कोरा राहिला, पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला.

मग भडाभडा ओकून टाकावं का? तेही नाही. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग मी सगळ्या साहेबांना सांगते. सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. काहींना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. ठोसे मारणारे शेवटी जास्त चिडलेले निघाले. शॉपवर ओरडून ‘मोकळं वाटलं’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि शनिवारी ‘बसून’ तेच ते उगाळणाऱ्यांनीही. दुसऱ्या पेगनंतर गोष्ट तीच असते, फक्त आपण त्यात जास्त बरोबर असतो.

तर मधली वाट. ती शब्दांपासून सुरू होते.

तुम्ही लिहिलंय ‘टेन्शन’. आपण सगळ्यालाच टेन्शन म्हणतो, आणि मग डॉक्टरकडं जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणावं, तशी गत होते. आपल्या भाषेत याचं बारीक मोजमाप आहे, ते वापरा. साधी गोष्ट करायची राहून गेली की चुटपुट लागते. गावी जाणाऱ्या माणसाला निरोप द्यायचा राहिला, तर लागते ती चुटपुट. घेतलेला निर्णय बरोबर होता का, हे मन पुन्हा पुन्हा उकरतं ती रुखरुख. दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल वाटते ती हळहळ, त्यात आपली चूक असेलच असं नाही. आपल्या हातून कुणाचं वाईट झालं ही टोचणी. कुणीतरी आपला केलेला अपमान आत रुतून बसतो तो सल. सांगायचं आहे पण सांगता येत नाही, वरून मालक आणि खालून कामगार, हा कोंडमारा.

कागद घ्या आणि त्या १४ जणांबद्दल यातलं नेमकं काय वाटतं ते लिहा. मी गेल्या महिन्यात एका फाउंड्रीच्या मॅनेजरकडून हेच करून घेतलं. त्यांना वाटत होतं अपराधीपणा आहे. लिहिता लिहिता निघाला सल: यादी मालकांच्या मुलानं केली होती, यांना विचारलंही नव्हतं, सही मात्र यांची. इलाजच बदलला. कामगारांची माफी मागायला निघालेला माणूस आधी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बोलला.

भावनेला नाव देण्याचा परिणाम मेंदूत दिसतो. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये स्कॅन करून पाहिलं: रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो बघताना त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तर अमिग्डाला या धोका ओळखणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. यात जादू काही नाही. पण ‘टेन्शन’पेक्षा ‘टोचणी’ लिहिल्यावर खांदे जरा खाली येतात, हे मी समोर बसून शेकडो वेळा पाहिलंय.

नाव सापडलं की चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहा. ही पद्धत जेम्स पेनेबेकर यांची, १९८६ ची. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मनात दडवलेल्या प्रसंगांबद्दल चार दिवस लिहिलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. घरात बोलता त्या मराठीत लिहा, इंग्रजीत लिहिलंत की ते ऑडिट रिपोर्टसारखं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. झोपायच्या आधीही नको, कारण लिहिल्यावर तासभर जड वाटतं. ते होणारच, त्याला घाबरू नका. कागद नंतर फाडून टाकलेत तरी चालतील.

आता उधारी. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, सांगलवाडी पाण्यात. एका कारखान्याच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी तेव्हा ‘न कळवता गैरहजर’ म्हणून पाच-सहा जणांचा पगार कापला. त्यात एक फिटर होता, त्याचं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालेलं, मोबाइल भिजून बंद. साहेबांना हे महिन्यानं कळलं. तोवर पगार झाला होता, आणि ‘एकदा कापला म्हणजे कापला’ या हट्टात ते गप्प बसले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं, टीव्हीवर पुलाचे आकडे फिरू लागले आणि या साहेबांच्या छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. मिरजेत ईसीजी झाला, बाकी सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत. डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलं.

तीन भेटींनंतर ते फिटरशी बोलायला तयार झाले. भीती एकच होती, ‘वचक जाईल’. मी एवढंच सांगितलं की वाक्यात ‘पण’ येऊ द्यायचा नाही. ‘माझं चुकलं, पण तेव्हा परिस्थितीच तशी होती’ ही माफी नव्हे, तो खुलासा झाला. त्यांनी फिटरला बाजूला घेऊन सांगितलं: तुझं घर पाण्यात असताना मी पगार कापला, नंतर कळूनही परत दिला नाही, माझं चुकलं. पुढं काही सिनेमासारखं घडलं नाही. फिटर म्हणाला, ‘आता काय त्येचं, साहेब. तवा मिळालं असतं तर पोरीची पुस्तकं आली असती.’ साहेबांना वाटलं होतं तो गहिवरेल. त्याऐवजी पुस्तकांचा हिशेब आला.

मी म्हणते, तोच हवा होता. त्या महिन्यात साहेबांनी मालकांशी भांडून सगळ्यांचे कापलेले दिवस भरून दिले. छातीतलं आवळणं लगेच थांबलं नाही, हळूहळू कमी झालं. वचक गेला का? लोक त्यांना घाबरेनासे झाले खरे. पण मशीन बिघडलं की आता त्यांना लगेच फोन येतो.

तुमच्या १४ जणांच्या बाबतीत तुम्ही कामं परत देऊ शकत नाही, आणि ऑर्डरीच नव्हत्या तर निर्णय चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. पण त्यांना ते कळलं कसं? बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा माणूस गेटवर सांगतो, ‘उद्यापासून येऊ नका’, आणि साहेब त्या दिवशी केबिनच्या बाहेर पडत नाहीत. तुमच्याकडं तसं झालं असेल तर टोचणी तिथली आहे. मग करण्यासारखं बरंच उरतं. सगळ्यांचा पीएफ आणि राहिलेला पगार मिळाला का, हे कंत्राटदाराकडून कागदावर घ्या. ज्यांना अनुभवाचं पत्र हवं असेल त्यांना द्यायला लावा. शेजारच्या प्लॉटवर भरती निघाली तर दोन नावं स्वतः सुचवा. आणि देवळात कुणी भेटला तर मोबाइल काढू नका. ‘तेव्हा मी समोर येऊन सांगायला पाहिजे होतं’, एवढं वाक्य तयार ठेवा. काही जण तोंड फिरवतील. तो त्यांचा हक्क आहे, त्याचं नवं ओझं करून घेऊ नका.

जे आज कामावर आहेत, त्यांचीही उधारी तुमच्याकडं बाकी आहे. त्यांच्या मनात वर्षभर एकच प्रश्न आहे: पुढचा नंबर माझा का? सकाळच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं घ्या. १४ माणसं का कमी केली, आज ऑर्डरींची स्थिती काय आहे, पुढं असं काही ठरलं तर किती दिवस आधी आणि कोण सांगणार, हे बोला. गेले काही महिने माझा आवाज चढतोय, ते माझ्याकडून चुकतंय, हेही सांगा. तिथं थांबा. झोप लागत नाही, घरी वाद होतात, हे त्यांना सांगायचं नाही. हाताखालच्या माणसाला तुम्हाला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यापुढं मन मोकळं केलं की आपलं पोतं त्याच्या पाठीवर जातं. मार्केट यार्डात हळदीचं पोतं उतरवणारा हमाल थप्पीला पाठ लावून वळतो आणि मग सोडतो, खाली कुणाचा पाय आहे का हे बघून. तेवढं भान ठेवा.

मग सगळं सांगायचं कुणाला? बायकोला सांगाच, पण रोज रात्री तिलाच सांगितलं तर तीही लवकरच दबेल. दुसऱ्या कंपनीतला, तुमच्याच दर्जाचा, तुमच्या मालकांशी धंद्याचा संबंध नसलेला एक माणूस शोधा. महिन्यातून एकदा भेटा. आमराईत सकाळी फिरताना किंवा हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत. चालताना बोलणं सोपं जातं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. पहिली वीस मिनिटं ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, कामगारांची नावं घ्यायची नाहीत. परत येऊन भडंग खा, हवं ते करा. इथं ओळखीपाळखी इतक्या दाट की असा माणूस सापडायला दोन-तीन महिने लागतील. सापडतो.

संध्याकाळच्या पंधरा मिनिटांचं काहीतरी करायलाच हवं. निघण्यापूर्वी अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामापुढं ‘उद्या पहिलं काय करणार’ एवढं एका ओळीत लिहा. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं की घोळणं थांबतं, काम पुरं झालेलं नसलं तरी. मग घराच्या अलीकडं गाडी लावा आणि दहा मिनिटं बसा. शेजारी विचारतील. विचारू देत. शॉपवर आवाज चढायच्या बेतात असेल, तर चार-पाच वेळा श्वास घ्या आणि घ्यायला लागला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. ती त्या क्षणापुरती सोय आहे.

एक गोष्ट मात्र मनाची नाही. १४ माणसं गेल्यावर त्यांचं काम कुठं गेलं? ऑर्डरी परत आल्या असतील आणि तेच काम आता उरलेल्यांवर पडत असेल, तर तुम्ही कितीही हलके झालात तरी शॉप हलकं होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा लांबलेला ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हटलं. हाताळण्याची जबाबदारी मालकांचीही आहे. ओव्हरटाइमचे सहा महिन्यांचे आकडे घेऊन त्यांच्यापुढं बसा. तुमचा कोंडमारा त्यातच निम्मा सुटेल असा माझा अंदाज आहे.

आणि झोप मोडणं दोन आठवड्यांहून जास्त सलग चालू असेल, कशातच रस वाटत नसेल, रोज प्यावंसं वाटत असेल, किंवा ‘आपण नसलेलं बरं’ असं एकदा जरी मनात आलं असेल, तर वरचं सगळं नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ. छातीत दुखलं तर थेट दवाखाना, मन की हृदय हे घरी बसून ठरवायचं नाही. सांगलीत ओळखीचं कुणी बघेल असं वाटत असेल तर कोल्हापूरला जा, मला त्यात काही गैर वाटत नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं.

राहिला तो सुपरवायझर. त्याला फोन करा, पण परत बोलवायला नको. तो जिथं गेलाय तिथं रुळला असेल, आणि परत बोलावलंत की त्याला वाटेल साहेबांना गरज पडली. शिफ्टच्या वेळा बघून रविवारी सकाळी दहानंतर करा. एवढंच विचारा: ‘जाताना तुम्ही घरचं कारण सांगितलं होतं. खरं कारण ऐकायला मी तयार आहे.’ मग तो बोलेल ते लिहून घ्या. मध्ये तोंड उघडू नका. त्यानं ‘काही न्हाई हो साहेब, घरचंच होतं’ म्हटलं, तर बरं म्हणून फोन ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत तो स्वतःच करेल.